पाठ दिसल्यानंतरच्या दोन ढांगा

आदल्या रात्री हेल्वी कोस्किनेन टीव्हीसमोर टुणकन उडी मारून "शाब्बास रे माझ्या वाघा!" असं ओरडली होती, आणि आज सकाळी टॅमरॅक फॉल्स गावच्या बर्फाच्या रिंकवरचं अख्खं कॅन्टीन ते तिच्याच तोंडावर मारत होतं.

ओरडली तेव्हा तिला काय ठाऊक, की तिच्या नातवानं मैदानाच्या कडेच्या फळीवर आदळलेला तो तेवीस नंबरवाला उठायचाच नाही! मग स्ट्रेचर आलं, मानेला पट्टा लागला, आणि हेल्वीचा वाघ तिच्या घशात अडकला.

नातू अर्वी. याच रिंकवर रांगत रांगत स्केटिंग शिकला आणि आता शहराच्या मोठ्या संघातून आइस हॉकी खेळत होता. सात सामन्यांची मालिका, जो चार जिंकेल त्याची; तीन सामने झालेले, दोन आपल्या खिशात. आणि अशात लीगच्या शिस्तीच्या ऑफिसनं त्याला सुनावणीला बोलावलेलं. साडेअकराला, फोनवर. फोनवर म्हणजे फार तर पाच सामने बाहेर. समक्ष बोलावलं असतं तर मग काही खरं नव्हतं. हा हिशेब टॅमरॅक फॉल्समधलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

"हे बघा," म्हातारा रेनो मॅकेला म्हणाला. तीस वर्षं त्यानं गावातल्या पोरांना हॉकी शिकवली होती, अर्वीलाही त्यानंच. त्यानं टेबलावर केचपची बाटली आणि मीठदाणी मांडली. "हा केचप म्हणजे आपला अर्वी. ही मीठदाणी म्हणजे तेवीस नंबर. केचप निघाला सुसाट. मीठदाणी ऐन वेळी गर्रकन वळली आणि पाठ दिली. आता केचपनं काय करावं? हवेत लटकावं?"

"मीठदाणीला मान नसते, रेनो," क्लोदेत म्हणाली. ती हेल्वीच्या हाताखाली बटाटे तळायची आणि तिची जीभ तेलापेक्षा तापलेली असायची. "त्या पोराला आहे."

"हा काय भातुकलीचा खेळ आहे? विचार तुझ्या मालकिणीला. काल सगळ्यांत उंच कोण उडालं होतं?"

सगळे खिदळले. हेल्वी काहीच बोलली नाही, तेव्हा लोक दचकले. कारण या बाईनं एकेचाळीस वर्षांत या गल्ल्यामागे उभं राहून एकही टोमणा फुकट जाऊ दिला नव्हता. शाळा चौथीत सुटली, पण तोंड कधी सुटायचं राहिलं नाही. गावातलं लहानथोर तिला 'मुम्मू' म्हणायचं. मुम्मू म्हणजे आजी. नातू म्हणायचा म्हणून सगळेच म्हणायला लागले.

ती टीव्हीकडे बघत होती. तीच धडक, नवव्यांदा. काहीतरी मोजल्यासारखे तिचे ओठ हलत होते.

"उठा," ती एकदम म्हणाली. "सगळे उठा. बर्फावर चला."

"आता?" रेनो म्हणाला. "माझी कॉफी—"

"कॉफी कुठं पळून जात नाही. तुझा विद्यार्थी मात्र जाईल."

पंधरावीस माणसं गमबूट घालून, एकमेकांना धरत, शिव्या देत बर्फावर उतरली. हेल्वीनं खुंटीवरची पोरांची एक जर्सी आणली होती. जर्सीच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, लाल अष्टकोनी पाटी शिवलेली: थांब. गावातल्या प्रत्येक पोराच्या पाठीवरची ही पाटी हेल्वीच्याच सुईची. पाठ दिसली की पाटी दिसते, पाटी दिसली की थांबायचं. याहून जास्त नियम तिला येत नव्हते, आणि याहून जास्त लागतात असं तिला वाटतही नव्हतं.

जर्सी तिनं रेनोच्या पाठीला टाचण्यांनी लावली.

"मोठ्या लीगमध्ये पाट्या नसतात, बाई," रेनो कुरकुरला.

"पाटी नाही म्हणून डोळे फुटले का? उभा राहा. फळीकडे तोंड. मागे सर. अजून. हां, चार फूट." ती सगळ्यांकडे वळली. "फळीला चिकटलेल्याला धक्का दिला तर त्याचा नुसता श्वास जातो. चार फुटांवरून दिला तर माणूस डोक्यानं जातो. हे तूच शिकवायचास ना, रेनो?"

रेनो फळीशी काहीतरी पुटपुटला.

हेल्वी बर्फावरच्या निळ्या रेघेपाशी जाऊन उभी राहिली. क्लोदेतच्या मोबाइलवर तीच धडक, मुंगीच्या चालीनं.

"अर्वीची एक ढांग म्हणजे माझी तीन पावलं," हेल्वी म्हणाली. "तेवीस नंबर वळला की ओरड."

ती निघाली. एक. दोन. तीन. क्लोदेत मोबाइलमध्ये नाक खुपसून बघत होती. चार. पाच. सहा.

"थांब! इथं वळला! पूर्ण पाठ दिसतेय, नंबरसकट!"

हेल्वी होती तिथंच थबकली. तिच्यात आणि रेनोच्या पाठीत अजून सहा पावलं मोकळी होती.

मोजायला कुणाला शाळेत जायची गरज नव्हती. पाठ दिसल्यावरही अर्वीला थांबायला पुऱ्या दोन ढांगा.

"मागे काय चाललंय?" रेनो तोंड न वळवता ओरडला. "सांगा की कुणीतरी!"

हेल्वीनं सांगितलं नाही. शहात्तर वर्षांची बाई, गमबुटांनी धप् धप् करत थेट त्याच्या पाठीवर धावून गेली. रेनोनं मान खांद्यांत घातली, दोन्ही हात पुढे केले आणि "अगं ए बाई!" अशी किंकाळी फोडली. ती त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

"काय रे? अजून हात तरी लावला का मी?"

"मागून येतीस, मला दिसतंय थोडंच!"

"तेच म्हणते मी."

तेवढ्यात कॅन्टीनचा भिंतीवरचा फोन वाजला. अकरा वाजून दहा मिनिटं. हेल्वी धापा टाकत पोचली, आणि तिच्यामागे अख्खं गाव कान लावून उभं राहिलं.

"मुम्मू, पाहिलंस ना तू?" अर्वीचा आवाज घाईत होता. "तो ऐन वेळी वळला. एजंट म्हणतो, एवढंच बोल, दुसरं काही बोलू नकोस. म्हणजे एका सामन्यावर भागेल, कदाचित त्यातूनही सुटेन."

"पाठ दिसल्यावर किती ढांगा टाकल्यास?"

"अगं, तो वळला—"

"ते मी नाही विचारलं."

पलीकडे शांतता. ही शांतता तिच्या ओळखीची होती. सातव्या वर्षी यानं कॅन्टीनची काच फोडली होती, तेव्हाही अशीच पडली होती.

"मुम्मू, ते सांगितलं तर मी मालिकेतून जाईन. माझ्यावाचून हरले तर संघातली पोरं माझं तोंड बघायची नाहीत."

"किती, अर्वी?"

"दोन."

"मग दोनच सांग. कमी नको, जास्त नको."

"काल तूच तर ओरडली असशील."

"ओरडले. चुकले. माझं मी निस्तरते, तुझं तू निस्तर. आणि जेवून घे काहीतरी."

तिनं फोन ठेवला.

निकाल आला: तीन सामने बाहेर. खरं बोलला म्हणून दोन वाचले, असं क्लोदेत म्हणाली. खरं बोलला म्हणून दोन वाढले, असं रेनो म्हणाला. खरं काय ते शिस्तीच्या ऑफिसलाच ठाऊक. तेवीस नंबरवाला घरी गेल्याची बातमी आली, ती मात्र सगळ्यांना बरी वाटली.

पण आपला संघ त्या तीनपैकी दोन हरला. मालिका तीन–तीन. मग गाव हेल्वीवर फुगून बसलं. तिच्या वेलचीच्या पुल्ला-पावाला गिऱ्हाईक मिळेना. रेनो तर पेट्रोल पंपावरून कागदी कपात कॉफी आणायचा आणि मुद्दाम तिच्यासमोर बसून फुर्र फुर्र करत प्यायचा.

"तिथली कॉफी म्हणजे भांडी धुतलेलं पाणी," हेल्वी म्हणायची.

"असू दे. पण त्या पंपवाल्यानं आमचा बचावपटू विकला नाही."

सातव्या सामन्याला मात्र सगळे आले. रुसवा घरी ठेवून आले, कारण मोठा टीव्ही कॅन्टीनमध्येच होता. अर्वी मैदानात उतरला तेव्हा टाळ्या वाजल्या. हेल्वीनं वाजवल्या नाहीत. तिचे डोळे त्याच्या पायांवर होते.

दोन–दोन. जादा वेळ. पहिला गोल ज्याचा, मालिका त्याची. क्लोदेतचे बटाटे कढईत कोळसा झाले आणि कुणाला वास आला नाही.

आणि मग ते आलं. चकती, म्हणजे या खेळातला चेंडू, आपल्या कोपऱ्यात गेली. पलीकडच्या संघाचा अकरा नंबर तिच्यामागे, आणि त्याच्यामागे सुसाट अर्वी. अकरा नंबर चकतीवर वाकला. फळी चार फुटांवर. पाठ उघडी.

"घाल!" रेनो खुर्चीवर चढून ओरडला. "घाल त्याला!"

"एक," हेल्वी म्हणाली.

अर्वीचे दोन्ही स्केट ब्रेक लावल्यासारखे आडवे झाले. बर्फाचा फवारा पार फळीच्या वरपर्यंत उडाला. तो थांबला. अकरा नंबर सटकला, वळला आणि त्यानं हाणली. चकती गोलच्या खांबावर आदळली. ठण्ण! तो आवाज सगळ्यांच्या दातांत उतरला. चकती उलटी बाहेर आली.

"थांबला!" हेल्वी इतक्या जोरात किंचाळली की शेजारच्या पोस्टमननं कानांवर हात ठेवले. "पाहिलंत का? एका ढांगेत थांबला!"

"अगं, गोल झाला असता!" रेनो गरजला.

पण कुणी त्याचं ऐकत नव्हतं, कारण चकती अर्वीच्या पायाशी आली होती आणि तो पडलेला नव्हता, कुणाच्या अंगावर नव्हता, सरळ उभा होता. त्यानं मान वर केली आणि चकती लांब ढकलली, अर्ध्या मैदानापलीकडे, डाव्या बाजूनं एकट्या पळणाऱ्या आपल्या पोराकडे. एक फसवा झोका, आणि जाळी हलली.

पुढचा गोंधळ कुणाला धड सांगता येत नाही. खुर्च्या पडल्या. क्लोदेतनं पोस्टमनचा मुका घेतला. रेनो खुर्चीवरून उतरायचं विसरला.

बऱ्याच वेळानं तो गल्ल्यापाशी आला. डोळे पुसले नव्हते, पण पुसायला झाले होते.

"आणखी दोन ढांगा टाकल्या असत्या," तो म्हणाला, "तर पंचानं बाहेर बसवलं असतं. आपण चार, ते पाच. संपलंच होतं सगळं."

"म्हणजे मी बरोबर होते."

"म्हणजे तो शहाणा झालाय, असं म्हणतोय मी."

"एकूण एकच." हेल्वीनं त्याच्या हातातला कागदी कप काढून घेतला, कचऱ्यात टाकला आणि आपल्या किटलीतली कॉफी त्याच्यापुढे आदळली. "पी. आणि माझी जर्सी आण परत. शनिवारी पोरांचा सामना आहे, पाठीवर काय तुझं तोंड लावू?"