सगळ्यांना मिळून एकच ऑब्जेक्ट

मुलगी शाळेत रुळल्यावर ती पुन्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला लागली, तेव्हा ऑफिसात साहेबांसकट सगळे तिच्याहून लहान. म्हणून ती सगळ्यांची ताई. प्रोग्राम रचायचे ठरलेले साचे, पॅटर्न, ती घरी बसून शिकायची. त्यातला सिंगलटन तिच्या मनात भरला: अख्ख्या प्रोग्राममध्ये एकच ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचा एकच डबा, ठेवायचा, सगळ्यांनी तोच वापरायचा. एका पॅथॉलॉजी लॅबच्या वेबसाइटवर पेशंटला रिपोर्ट दाखवायचं काम आलं, तेव्हा तिनं रिपोर्ट अशाच ऑब्जेक्टमध्ये ठेवला. एकटीनंच तपासलं. झकास चाललं.

साइट सुरू झाली त्याच दुपारी फोन आला.

"अहो, मी सत्तरीचा पुरुष," पलीकडचे आजोबा भडकले होते, "आणि तुमचा रिपोर्ट म्हणतो, मी गरोदर आहे!"

ऑफिस पोट धरून हसलं. ताईच्या मात्र लगेच लक्षात आलं. डबा एकच, त्यामुळे दोघांनी एकदम साइट उघडली की एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावाखाली जात होता. आजोबांना चूक कळली. ज्यांना कळली नसेल त्यांचं काय?

तिनं कुणालाही न विचारता साइट बंद केली.

"ताई, वेड लागलंय का?" साहेब धावत आले.

"नंतर ओरडा. कुणी काय पाहिलं ते आधी शोधू द्या."

नोंदी चाळताना तिला दिसलं: एका बाईंना दुसऱ्याच कुणाचा कॅन्सरचा रिपोर्ट दिसला होता. आणि ज्यांचा तो होता, त्यांनी तिसऱ्याचाच पाहिला होता, सगळं ठीक असल्याचा.

लॅबच्या डॉक्टरांना कळवून ताईनं त्या बाईंना स्वतः फोन लावला. तो बराच वेळ वाजत राहिला.

"तुम्ही पाहिलात तो रिपोर्ट तुमचा नाही. तुमचा अगदी चांगला आहे. चूक माझी आहे."

पलीकडून हुंदका आला. "बहिणीच्या दारात उभी आहे मी. पोरांना सांभाळशील का, विचारायला आलेय." हुंदका आवरून बाईंनी विचारलं, "मग तो आहे कुणाचा?"

"ते मला सांगता येणार नाही."

"नका सांगू. पण त्यांना कुणीतरी समोर बसवून सांगा. मी मोबाइलवर वाचलं."

ताईनं हे डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी त्या पेशंटला लगेच बोलावून घेतलं.

संध्याकाळपर्यंत ताईनं प्रत्येकाला वेगळा ऑब्जेक्ट मिळेल असं करून टाकलं. ऑफिसातल्या सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवरून एकदम रिपोर्ट उघडले. बरोबर आले.

"सुरू करायची?" साहेबांनी विचारलं.

"थांबा," ताई म्हणाली. "पुन्हा एकदा. सगळ्यांनी."