साक्षगंधातला हिरा

रागिणीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, अमरावतीच्या सोयऱ्यांनी तिला हिऱ्याची अंगठी घातली, आणि अकोल्याजवळच्या त्या गावाला बोलायला तेवढंच पुरलं. "काच हाय वं ते," शेजारची पार्बताबाई म्हणाली, नि नेमकं ते रागिणीच्या बाबांच्या, पंजाबरावांच्या कानावर गेलं.

आता पंजाबराव म्हणजे कापसाचे पक्के पारखी. कापसाचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचे, तटकन तोडायचे आणि धाग्याची लांबी-ताकद सांगून मोकळे! तोडून पाहिल्याशिवाय या माणसाचा कशावर विश्वासच नाही. "हिरा खोटा निघाला तं सोयरीक मोडली," त्यांनी घरात जाहीर केलं. रागिणीला तर होणारा नवरा, नितेश, मनापासून आवडला होता.

"बाबा, सराफाले दाखवू ना!"

"सराफ कायले पायजे? खरा हिरा घणानंबी फुटत नाही."

अंगठी नाही दिली तर संशय पक्काच होणार, म्हणून तिनं ती काढून दिली. बापानं पाट्यावर ठेवून वरवंटा हाणला. हिऱ्याचे झाले तुकडे!

"पाय, काच!" पंजाबराव गरजले.

रागिणी ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिनं तुकडे रुमालात बांधले. "सोयऱ्यायले बोलाच्या आधी सराफाले इचारा," म्हणत तिनं बापाला एसटीत बसवलं नि अमरावती गाठली.

सराफाच्या दुकानात रत्नं पारखायला चारुता नावाची बाई होती. तिनं यंत्राची सुई तुकड्यांना टेकवली, भिंग लावलं आणि कपाळावर हात मारला. "काका, अस्सल हिरा होता हो! हिऱ्यावर ओरखडा उठत नाही, पण घाव बसला की तो फुटतो. आम्ही पैलू बघतो, रंग बघतो, आतले डाग, वजन. फोडून कोण बघतं?"

पंजाबरावांचा चेहरा पडला. रागिणीनं तिथूनच नितेशला फोन केला. तो गाडीवरून आला तसे पंजाबराव उठून उभे राहिले.

"जावईबापू, तुमचा हिरा म्या फोडला. काच समजून. आता सोयरीक मोडाची तं तुमी मोडा."

नितेशनं तुकडे पाहिले, मग रागिणीचे सुजलेले डोळे.

"हिऱ्यासाठी रडली का वं?"

"नाही. तुमी आता नाही म्हणसान म्हणून."

"अवं येडे, हिरा तं मागून आला. 'हो' तं मी तुले पाह्यताबराबर म्हणलं होतं."

पंजाबरावांनी तोंड फिरवून दुपट्ट्यानं डोळे टिपले. आणि रागिणीनं, बाप समोर असताना, नितेशचा हात धरला.