एका भिंगाला न दिसलेले वाक्य

मी एक जुने भिंग आहे. मला पितळेची कडा आहे, शिसवाची मूठ आहे आणि काठाशी केसाएवढी बारीक चीर आहे. गेली कित्येक वर्षे मी एका टेबलाच्या खणात पडून आहे. मित्रांनो, खणातल्या अंधाराचे मला फारसे काही वाटत नाही. मला भीती वाटते ती कागदाची. वर टेबलावर कुणी नवा कागद सरकवला आणि त्याची सळसळ ऐकू आली, की आजही माझ्या काचेला कापरे भरते. असे का होते, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका चष्मेवाल्याच्या मागच्या खोलीत झाला. त्याने मला तीन दिवस घासले, पुसले, पुन्हा घासले आणि शेवटी एका छापखान्यातल्या जुळाऱ्याच्या हाती दिले. शिशाची उलटी अक्षरे एकेक करून उचलायची आणि त्यांच्या ओळी लावायच्या, हे जुळाऱ्याचे काम. तो चुकांना फार भीत असे. एकदा त्याच्या हातून निधनाच्या बातमीत मेलेल्या भावाऐवजी जिवंत भावाचे नाव छापून गेले होते. दुसऱ्या दिवशी तो जिवंत भाऊ स्वतः तक्रार घेऊन दारात उभा राहिला. तेव्हापासून जुळारी आपल्या मुलीला सांगायचा, "पोरी, चूक उवेसारखी असते. एक सापडली म्हणून डोकं स्वच्छ झालं असं समजू नये."

पुढे त्याचे हात थरथरू लागले. मग त्याने मला त्या मुलीच्या गळ्यात अडकवले.

ती मुलगी मोठी झाली आणि एका जाहिरात कचेरीत प्रुफे तपासू लागली. प्रूफ म्हणजे छपाईआधीची कच्ची प्रत. कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. लोखंडी जिना चढून गेले की आधी साहेबांची खोली, मग मजकूर लिहिणाऱ्यांची टेबले आणि अगदी शेवटी, खिडकीजवळ, आमचे टेबल. समोरासमोर तिला सगळे 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'कानामात्रा'. बाईंना ते ठाऊक होते. "नाव तरी शुद्ध ठेवलंय," एवढेच त्या म्हणत.

मी काळ्या दोरीने त्यांच्या गळ्यात असे. मिक्सर, गाद्या, रंगाचे डबे, केसांचे तेल, जगातल्या सगळ्या वस्तूंची पत्रके माझ्याखालून गेली. एकदा बाळाच्या दुधाच्या बाटलीचे पत्रक आले. त्यात लिहिले होते, 'बाळ झोपल्यावर उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावे.' बाईंनी मला त्या शेवटच्या शब्दावर धरले आणि त्यांच्या अंगावर काटा आला. ठेवायची होती बाटली, आणि छापले जाणार होते बाळ. बाईंनी आधी 'बाटली' हा शब्द घातला, मग 'ठेवावे'ची मात्रा खोडून वेलांटी दिली. साहेबांनी ही गोष्ट येईल त्या माणसाला सांगितली. "आमच्या बाईंनी एका वेलांटीने बाळ वाचवलं," असे ते म्हणत. मी पितळेची कडा चमकवत बाईंच्या गळ्यात मिरवत होते.

पण मित्रांनो, त्या कौतुकाने एक घोटाळा केला. वेलांटी बरोबर असली की सगळे बरोबर, असे कचेरीला वाटू लागले. हळूहळू बाईंनाही तसेच वाटू लागले. आणि मी तर काय, एका वेळी एकच शब्द पाहणारे. अख्खे वाक्य माझ्या काचेत कधी मावलेच नाही.

एका हिवाळ्यात गॅसवर चालणाऱ्या हीटरचे काम आले. गॅस जळताना खोलीतली हवा खातो, आणि हवा कमी पडली की त्यातून एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून असा हीटर लावताना खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते. हे सगळे हीटरच्या कारखान्याने लिहून पाठवले होते. पण पत्रकाचा मजकूर लिहायचे काम कवीराजांकडे होते. कवीराज हे त्यांचे कचेरीतले टोपणनाव. चाळिशीचा, मनाने चांगला माणूस, पण यमक दिसले की त्याच्यामागे वाहवत जाणारा. त्यांनी पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिले: 'दार लावा, फट बुजवा, उबेला घरात कोंडून ठेवा.'

खिडकीची सूचना त्यांनी मागच्या पानावर, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत टाकली. तीही भारदस्त दिसावी म्हणून अशी: 'वापरकर्त्याने कक्षात पर्याप्त वायुवीजनाची सुनिश्चिती करावी.'

"बाई, ओळ कशी वाटते?" कवीराजांनी विचारले.

बाईंनी मला ओळीवरून फिरवले. "'कोंडून'वरचा अनुस्वार गेलाय."

"घालतो."

"आणि मागे 'सुनिश्चिती'त 'श्चि' ऱ्हस्व हवा."

"तोही करतो."

"मग झालं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी प्रुफावर सही केली.

मी तिथेच होते. त्यांच्या बोटांत होते. सहीची शाई माझ्यासमोर वाळली.

त्यानंतर आठवड्याभराने, दुपारी चारच्या सुमारास, कचेरीत झाडलोट करणाऱ्या मावशी टेबल पुसत होत्या. प्रौढांच्या वर्गात जाऊन त्या नुकत्याच वाचायला शिकल्या होत्या, आणि हाताला लागेल तो कागद बोट ठेवून मोठ्याने वाचत. छापून आलेल्या पत्रकांचा गठ्ठा समोर होता. त्यांनी वरचे पत्रक उचलले, पहिली ओळ वाचली आणि त्या थांबल्या.

"बाई, ही शेगडी विजेची का गॅसची?"

"गॅसची."

"मग फट कशाला बुजवायची? जीव गुदमरेल की."

"मागे सूचना आहे, मावशी. वायुवीजनाची."

मावशींनी पत्रक उलटले, डोळ्यांजवळ नेले. "वा-यु-वी-जन. हे कुठले जन, बाई? आपल्यातले का?"

कवीराज हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सवयीने मला उचलले, मग सोडून दिले. पत्रक हातभर लांब धरून त्यांनी ते नुसत्या डोळ्यांनी वाचले. एखादे गिऱ्हाईक वाचेल तसे. मी त्यांच्या छातीवर टेकलेले होते. आतल्या ठोक्याने मला हादरा बसला.

"कवीराज, ही पत्रकं कुठेकुठे गेलीत?" बाईंनी विचारले.

कवीराजांनी पत्रक हातात घेतले. वाचून होताच ते फोनकडे धावले.

कारखान्याला फोन केला. माल अजून गोदामातच होता, फक्त एका दुकानात सात हीटर पोचले होते. बाईंनी दुकानदाराला फोन केला.

"एक विकला गेला," दुकानदार म्हणाला. "म्हातारे शिंपीकाका आहेत, रिटायर झालेले. नवरा-बायको दोघंच असतात. मीच दुपारी दीड वाजता जोडून देऊन आलो."

"त्यांना फोन करा. आत्ता. हीटर बंद करा म्हणावं, खिडक्या उघडा म्हणावं."

पाच मिनिटांनी दुकानदाराचाच फोन आला. "घंटा वाजतेय, उचलत नाहीत. बाहेर गेले असतील."

"एवढ्या थंडीत?" बाईंनी विचारले.

मग दुकानदाराने हळू आवाजात पत्ता सांगितला.

कवीराजांच्या स्कूटरवर बाई मागे बसल्या. बाहेर धुके उतरले होते आणि दिवे दिवसाच लागले होते. प्रत्येक खड्ड्यात मी बाईंच्या कोटाच्या गुंडीवर आपटत होते. प्रत्येक सिग्नल लाल होता, किंवा आम्हाला तसा वाटत होता.

"बाई, त्यांनी वाचलंच नसेल," कवीराज पुढूनच म्हणाले. "पत्रक कोण वाचतं? लोक फेकून देतात."

लोकांनी नीट वाचावे म्हणून बाईंनी उभे आयुष्य घालवले होते. त्या वीस मिनिटांत मात्र त्या मनातल्या मनात एकच धोशा लावून बसल्या होत्या: वाचले नसू दे, देवा, त्यांनी वाचले नसू दे.

घर एका उतारावर होते, बैठे, निळ्या दाराचे. दार आतून बंद. बाईंनी बेल दाबली, दार ठोठावले, हाका मारल्या. आत सगळे चिडीचूप. खिडकीपाशी गेल्या तर काचेमागे काहीतरी लांबट, रंगीत दिसले. कापडाच्या बारीक नळ्या होत्या त्या. आत कापूस भरून, कडा दुमडून, सुबक टाके घालून शिवलेल्या. खिडकीच्या चारही फटींत त्या अगदी मापात बसवल्या होत्या. शिंपीकाकांनी पत्रक वाचले होते, आणि आपल्या हातांत होते नव्हते ते सगळे कसब त्या कामी लावले होते.

बोटांनी आवाज होईना, तेव्हा बाईंनी मला मुठीत धरले आणि माझ्या पितळी कडेने काच ठोकायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, दहादा. कितव्या तरी ठोक्याला माझ्या काठाशी 'कट्' असा आवाज झाला. मला चीर गेली. मी घाबरले ते मात्र चिरेने नाही. एवढ्या आवाजानेही आत कुणी हलले नव्हते, त्याने.

"बाजूला व्हा," कवीराज म्हणाले आणि त्यांनी हेल्मेटने काच फोडली.

हात घालून त्यांनी कडी काढली, आत उडी मारली, हीटर बंद केला आणि दार उघडले. शिंपीकाका खुर्चीत मान टाकून बसले होते. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडल्या होत्या, हात पुढे करून, जणू कशाला तरी धरायला निघाल्या होत्या. बाई आणि कवीराजांनी दोघांना ओढत अंगणात आणले. समोरच्या घरातल्या शेजारणीने रुग्णवाहिका बोलावली. गार हवा लागताच काकांनी डोळे उघडले आणि ते ओकले. काकूंनी डोळे उघडले नाहीत.

ती रुग्णवाहिका येईपर्यंतचा वेळ मला सांगता येत नाही. बाई काकूंचा हात चोळत होत्या आणि काहीतरी पुटपुटत होत्या. मी जवळ असल्यामुळे मला ऐकू आले. प्रुफावर सही केलेले स्वतःचे नाव त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

काकू वाचल्या. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्या. "अर्धा तास उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो," असे डॉक्टर म्हणाले. बाई आणि कवीराज माफी मागायला गेले तेव्हा शिंपीकाका पलंगाशेजारी स्टुलावर बसले होते. हे कोण आहेत हे त्यांना सांगितले. ते रागावले असते तर बरे झाले असते. पण ते ओशाळून म्हणाले, "आम्ही तुमच्या कागदात होतं तसंच केलं हो. एकसुद्धा फट ठेवली नाही. तो मागचा मोठा शब्द काही कळला नाही. हिला विचारला, हिलाही येईना. म्हटलं, महत्त्वाचा असता तर सोपा लिहिला असता."

कवीराज खोलीबाहेर गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

सगळी पत्रके परत मागवली. नवा मजकूर कवीराजांनीच लिहिला, यमकाशिवाय: 'हा हीटर गॅसवर चालतो. लावण्याआधी खिडकी वीतभर उघडा. सगळे बंद ठेवले तर माणूस मरू शकतो.' तो पहिल्या पानावर, सर्वांत मोठ्या अक्षरांत होता.

साहेब म्हणाले, "अहो, जाहिरातीत 'मरू शकतो' कसं लिहायचं? कोण घेईल?"

"ज्याला कळेल तो घेईल आणि जगेल," बाई म्हणाल्या. "नको असेल तर माझा राजीनामा घ्या. सही मात्र दुसऱ्या कशावर करणार नाही."

साहेबांनी होकारार्थी मान हलवली. त्या दिवसापासून बाई कुठलेही प्रूफ आधी मावशींना मोठ्याने वाचून दाखवत. मावशी जिथे अडत, तिथले वाक्य परत लिहिले जाई. वेलांट्या त्यानंतर. माझ्या चिरेमुळे एकेक अक्षर दोनदोन दिसू लागले होते, म्हणून बाईंनी मला पुसून, रुमालात गुंडाळून या खणात ठेवले.

दर रविवारी त्या काकूंना भेटायला जात. एकदा मलाही सोबत नेले होते. काकू चालत-बोलत होत्या, पण त्या विषाने त्यांच्या आठवणीला भोके पडली होती. बाई बसल्या की त्या विचारत, "खिडकी उघडी आहे ना?" बाई सांगत, "उघडी आहे, काकू." थोड्या वेळाने त्या पुन्हा विचारत. भर उन्हाळा होता, तिन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या. तरी बाई दर वेळी उठून, खिडकीपाशी जाऊन, हात बाहेर काढून दाखवत.

आता बाई निवृत्त झाल्या आहेत. टेबलावर संगणक आला आहे. शब्द चुकला की तो खाली लाल रेघ ओढतो म्हणे. रेघ नसली की कागद पुढे जातो. फसव्या वाक्याखाली तो रेघ ओढतो की नाही, हे मला खणातून कळत नाही, आणि म्हणूनच मला झोप नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी ना कधी चार ओळी लिहाल. औषधाच्या बाटलीवर, यंत्राच्या डब्यावर, नाहीतर नुसत्या दारावरच्या पाटीवर. शुद्ध लिहाच. पण लिहून झाले की तो कागद हातभर लांब धरा आणि कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. तुमची ओळ वाचणारा माणूस कुठल्या तरी खोलीत बसलेला असतो. त्याने तुम्हाला कधी पाहिलेले नसते. तरी तो तुमच्यावर विश्वास ठेवतो आणि तुम्ही सांगाल अगदी तसेच करतो.