गप्प बसवलेला भोंगा

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. विजेवरचा नव्हे, हाताने दांडा फिरवून वाजवायचा. या काठावर आमचे त्रेस्तियेनी गाव, म्हणजे रोमानिया. समोरच्या काठावर युक्रेनचे बंदर. मध्ये डॅन्यूब नदी. तिकडचा कुत्रा भुंकला तर आमचे कुत्रे त्याला उत्तर देतात, इतके आम्ही जवळ.

रेशित्साच्या कारखान्यात माझे ओतकाम झाले आणि आगीच्या बंबाच्या खोलीवर मला बसवण्यात आले. लव्हाळ्यांना आग लागली की मी ओरडायचो, नदी चढली की ओरडायचो. महापुराच्या वर्षी माझ्या आवाजावर सारे गाव गुराढोरांसकट बांधावर चढले. तेव्हापासून दर मार्चमध्ये बायका माझ्या दांड्याला लाल-पांढरा दोरा बांधू लागल्या. तो दोरा लोक वसंतात आपल्या माणसांना देतात. मला तो मिळे, याचा मला फार अभिमान होता.

मग पलीकडे युद्ध आले. रशियाचे ड्रोन बंदरातल्या धान्याच्या कोठारांवर पडू लागले. स्फोट तिकडे होत आणि काचा आमच्या फुटत. अशा वेळी मला वाजवायची मार्फा. ती एका कोळ्याची विधवा. तिचे घर माझ्या शेजारीच. तिने दांडा फिरवला की लोक तळघरात उतरत.

हे राजधानीत कळले आणि तिथून एक साहेब आले. मार्फाच्या हातचा माशांचा रस्सा त्यांनी दोनदा मागून घेतला आणि मग भोंगा यापुढे वाजता कामा नये, असे सांगितले. गाव घाबरते, पर्यटक येत नाहीत, वगैरे बरेच बोलले. खरे कारण शेवटी आले.

"भोंगा वाजला म्हणजे आपल्यावर हल्ला झाला, असं आपणच जगाला सांगितलं. मग आपल्या बाजूने लढायचा करार केलेले मित्रदेश विचारणार, पुढे काय करायचं? त्याचं उत्तर आज कुणाकडेच नाही, काकू."

"उत्तर नाही तुमच्याकडे," मार्फा म्हणाली, "आणि तोंड बंद ठेवायचं आम्ही?"

साहेबांनी रुमालाने ओठ टिपले. त्याच दुपारी सरपंच नेगोइताने माझा दांडा काढून कचेरीच्या कपाटात ठेवला. नेगोइता वाईट माणूस नव्हता. पण वरचा हुकूम आला की त्याची मान आपोआप हलायची.

मित्रांनो, मला परराष्ट्र धोरण कळत नाही. पण 'आग, आग' म्हणून ओरडल्याने आग लागत नाही आणि गप्प बसल्याने ती विझत नाही, एवढे लोखंडालाही कळते.

ऑक्टोबरमधल्या एका पहाटे मार्फा गाईची धार काढत होती. जुन्या मोपेडसारखी ड्रोनची घरघर आली, आणि या वेळी नदीच्या अलीकडून आली. मार्फा धावत माझ्यापाशी चढली. दांडा नाही, हे ती घाईत विसरली होती. तिने कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने मला बडवायला सुरुवात केली. मी नुसता फुटक्या घमेल्यासारखा वाजलो. इतका संताप मला जन्मात आला नव्हता. पोटात सगळा आवाज होता आणि तो बाहेर काढता येत नव्हता.

जवळच्या चार घरांना ऐकू गेले. बांधावर गाई घेऊन गेलेल्या इफ्रिमला गेले नाही. ड्रोन त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर पडला. दोन गाई जागीच मेल्या आणि इफ्रिमचा डावा हात कोपरापासून गेला.

संध्याकाळी दूरदर्शनवर सरकारचे निवेदन झाले, की आपल्या भूमीवर काहीही पडलेले नाही. इफ्रिम रुग्णालयात खाटेवरून ते ऐकत होता. मार्फा त्याच्यासाठी सूप घेऊन गेली होती. त्याने सुपाचा वाडगा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मार्फा, त्यांना एवढंच विचार, माझा हात कुठल्या देशात पडला?"

मार्फाने ते विचारले. जिल्ह्याच्या कचेरीत विचारले, बातमीदारांसमोर विचारले, परदेशी पाहुण्यांच्या मोटारी अडवून विचारले. अफवा पसरवल्याबद्दल तिला ठाण्यात बोलावले, तर तिथेही तिने तोच प्रश्न विचारला. शेवटी एका निवेदनात 'काही तुकडे आढळले' एवढे कबूल झाले. इफ्रिमचे नाव त्यात नव्हते. दोन गाईंचा उल्लेख होता.

आता गावात विजेचा नवा भोंगा आहे. त्याची कळ मात्र दूर जिल्ह्याच्या ठिकाणी, एका टेबलावर आहे. तो वाजतो, पण परवानगीवर परवानगी मिळाल्यावर. तोवर ड्रोन निघून गेलेला असतो. इफ्रिम त्याची वाट पाहत नाही. गाईंनी कान टवकारले की एका हाताने काठी उगारून तो घराकडे वळतो.

मी बंबाच्या खोलीत जमिनीवर पडून आहे. माझ्यासाठी मला काहीच मागायचे नाही, मित्रांनो. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापैकी कोणी साहेबही होईल. तेव्हा जगाला काय सांगायचे ते बैठका घेऊन सावकाश ठरवा. पण ज्याच्या डोक्यावर आभाळ कोसळते आहे, त्याला आधी पळू द्या.