टारबॉक्सबाईंची चहाची पेटी

स्वातंत्र्याची ज्योत मनुष्याच्या हृदयात परमेश्वर स्वतःच्या हाताने चेतवतो. आमच्या बंदरात मात्र ती इचाबॉड पिंपवाल्याने चेतवली, आणि लाकडं ओली असल्यामुळे ती बराच वेळ नुसतीच धुमसत राहिली.

इंग्रजांचा करवाला चहा बॉस्टनकरांनी समुद्रात फेकला, ही बातमी सकाळी घोडेस्वाराने आणली आणि दुपारपर्यंत गावाच्या अंगात आलं. चर्चची घंटा वाजत होती, ढोल बडवला जात होता, कुत्री भुंकत होती. आपणही चहा समुद्रातच ओतावा असं आधी ठरलं होतं, पण नेमकी ओहोटी लागलेली. चिखलात चहा ओतण्यात काही शौर्य दिसेना. म्हणून चौकात होळी.

"बॉस्टनवाले राजाच्या नाकावर टिच्चून दाखवतात, आणि आपण काय मासे खारवत बसायचं?" इचाबॉड पिंपावर चढून ओरडला. "ज्या पार्लमेंटात आपलं एक कुत्रं नाही, ती आपल्या किटलीवर कर बसवणार? आणा रे, घराघरातला चहा आणा!"

"जाळा! पत्तीसुद्धा ठेवू नका!" सगळ्यात चढा आवाज हेप्झिबा टारबॉक्सबाईंचा होता. बाई विधवा, धक्क्याजवळ त्यांचं दुकान. शेजारणीच्या हातातला चहाचा डबा त्यांनी स्वतः हिसकावून आगीत टाकला. इतकं छान त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"आता बाईंच्या दुकानातली मोठी पेटी!" कुणीतरी ओरडलं.

ती पेटी म्हणजे बाईंचा अख्खा हिवाळा. ती गेली की दुकानाला कुलूप, आणि सेलम गावी दिराच्या घरी मुक्काम. दीर चर्चचे पंच. ते जेवणाआधी प्रवचन वाचायचे आणि ते संपेपर्यंत सूपवर साय धरायची.

चौघांनी पेटी आणून आगीजवळ ठेवलीसुद्धा. बाईंनी इचाबॉडची बाही धरून त्याला खाली ओढलं.

"अरे मेल्या, हा डच चहा! चोरटा माल! याच्यावर कुणी कर भरलाय? तूच ना अंधारात होडीतून उतरवलास?"

"हळू बोला काकू! मागं पेल्हॅमसाहेब उभेत."

जकात अधिकारी पेल्हॅम खरंच मागे उभे होते. जाळपोळ थांबवायला आले होते, पण गर्दी बघून नुसतेच हात शेकत राहिले होते.

"मग मी करू काय?"

"मोठ्यानं 'चोरटा' म्हणालात तर तुरुंग. 'करवाला' म्हणालात तर देशभक्त. बघा बुवा, दुकान तुमचं आहे."

पेल्हॅमसाहेब पेटीभोवती एक चक्कर मारून आले. "काय हो बाई, हिच्यावर जकातीचा शिक्का कुठे दिसत नाही तो?"

ढोल थांबला. अर्ध्या गर्दीने आपापल्या बुटांकडे पाहिलं, कारण चहा उतरवायला हीच अर्धी गर्दी होती.

"शिक्का?" बाईंचा आवाज आधी चिरकला आणि मग असा काही चढला की त्यांनाच नवल वाटलं. "अहो, राजाचा शिक्का माझ्या छपराखाली? परवाच खरवडून काढला मी तो! आपल्याला कुणी विचारलं होतं का कर लावताना? थुंकते मी तुमच्या त्या तीन पेन्सांच्या करावर!"

आणि त्या खरंच थुंकल्या. गर्दी बेभान झाली. बाईंनी पेटीला लाथ घातली, पेटी आगीत कलंडली, ज्वाळा छपरांइतक्या उंच गेल्या. लोकांनी बाईंना खांद्यावर घेतलं. टोपी कुठे पडली कुणास ठाऊक, पण बाई वरून हात नाचवत ओरडत होत्या आणि सेलम त्यांच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं. खाली त्यांना उचलून धरणारा लोहार रडत होता.

पेल्हॅमसाहेबांनी धूर हुंगला. "चहा उत्तम होता," ते इचाबॉडला म्हणाले. "वरती कळवावं लागेल मला. राजाचं नुकसान किती झालं म्हणून सांगू?"

"भरपूर सांगा!" इचाबॉड छाती काढून म्हणाला. "थरथरू दे त्याला!"

पुढल्या सोमवारी बाई सेलमला राहायला गेल्या. राजाचं काहीच गेलं नाही; कर भरलेला चहा आमच्या बंदरात कधी उतरलाच नव्हता.