पेल्यातला दगड

आमच्या खाणीच्या गावात नोव्हेंबर लागला की मेलेली माणसं घरी येतात, आणि आल्या आल्या त्यांना पाणी लागतं. बाबा तर खाणीच्या उकाड्यातच गेले. म्हणून आई दरवर्षी झेंडूच्या फुलांत पाण्याचा पेला ठेवते आणि त्यात बाबांचा दगड सोडते. अक्रोडाएवढा, जांभळा, आठ पैलूंचा स्फटिक. लग्नाआधी बाबांनी तो जेवणाच्या डब्यात लपवून आईसाठी खाणीतून आणला होता. आईला आता दिसत नाही, तेव्हा फोटो तिच्या काय कामाचा? वर्षभर दगड तिच्या पेटीत असतो आणि त्या दिवशी तो हातात धरून ती बाबांशी बोलते. बाबा म्हणून तिच्यापाशी उरलंय ते एवढंच.

माझा थोरला भाऊ बेतो शहरात राहतो. गेल्या उन्हाळ्यात तो बाजारातून घरी स्फटिक वाढवायचं एक स्वस्तातलं खोकं घेऊन आला. आत तुरटीची जांभळी पूड, प्लास्टिकची बरणी आणि दोरा.

"ओति, तुझ्या हाताला गुण आहे," तो म्हणाला. "बाबांच्या दगडाएवढा करून दाखव. मित्राच्या पोरीला द्यायचाय."

मी हुरळले. बेतोनं कधी माझ्या हातच्या कालवणाला बरं म्हटलं नव्हतं! गरम पाण्यात पूड विरघळवली, गार झाल्यावर तळाशी जमलेला एक छानसा खडा निवडला. खोक्यातला दोरा कुजका निघाला, म्हणून शालीच्या झालरीतला लाल धागा काढून खडा बांधला आणि बरणीत टांगला. वारा लागू नये म्हणून बरणी फळीवर मागे ठेवली. खडा वाढत गेला, धागा त्याच्या पोटात गेला. बेतो अधूनमधून यायचा आणि स्वयंपाक झाला का विचारावं तसं विचारायचा, "झाला का?" बरणीकडे बघायचाही नाही. झाला तेव्हा धाग्याचं टोक कापून त्यानं स्फटिक रुमालात बांधला आणि आईच्या खोलीत जाऊन बराच वेळ बसला. मला वाटलं, आईबद्दल माया दाटून आली बिचाऱ्याला.

मेलेल्यांच्या सणाला तो लाल मोटारसायकलवरून आला. "मालकानं दिली," म्हणाला. असा मालक मला कुठं भेटत नाही.

आईनं पेटीतून दगड काढला, तळहातावर तोलला. "यंदा हलका लागतोय गं."

"आई, तुला काय, मक्याच्या तमालेची भरली टोपलीसुद्धा हलकी लागते," बेतो म्हणाला. आई हसली. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

तिनं दगड पाण्यात सोडला. सण झाला, कबरस्तानात जाऊन आलो, आणि दुसऱ्या सकाळी मी पेला उचलायला गेले तर आत दगड नव्हता. नुसतं जांभळट पाणी, आणि तळाशी लाल धागा. माझा.

मग एकेक गोष्ट जुळत गेली: रुमाल, आईची खोली, लाल मोटारसायकल.

"काय गं झालं?" आईनं विचारलं.

"दगड नाहीये, आई. विरघळला."

तिनं पेल्यात बोटं घालून चाचपलं आणि तिचा चेहरा उजळला. "प्यायला! यंदा दगडासकट प्यायला माझा माणूस! भागली रे त्याची तहान, बेतो!"

बेतो दारात उभा होता. पाण्याचा रंग बघून त्याचाही रंग उडाला होता. पाण्यात वाढलेला दगड पाण्यात जाणारच, हे बरणीकडे न बघणाऱ्याला कुठून कळणार? पण सावरला लगेच. छातीवर क्रूस काढून म्हणाला, "तृप्त झाले बाबा, आई."

तेव्हा माझं डोकं फिरलं. दगड विकलास ते विकलास, वर बाबांच्या नावानं क्रूस काढतोस? मी ओला धागा आईच्या बोटांत ठेवला. "हे बघ आई, पोटातून काय निघालं. खोटा होता दगड."

आईनं धागा चिमटीत फिरवला. तिची बोटं गाठीपाशी थांबली. झालरीची ही गाठ तिनं गावात फक्त मला शिकवली होती.

"ही गाठ तुझी आहे," ती हळूच म्हणाली. "ओतिलिया, त्यांचा दगड कुठाय?"

"आई, बेतोनं सांगितलं म्हणून मी—"

"माझ्यापाशी आहेच काय दुसरं? तोही विकलास?"

मी बेतोकडे पाहिलं. एक शब्द बोलायचा होता त्यानं. तो पुढे आला, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि किती समजूतदार आवाजात म्हणाला:

"जाऊ दे, आई. असेल तिची काही अडचण. आपलीच आहे ना ती."

आईनं चाचपडत त्याचा हात शोधला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.