मोतीरामांचा कान

मित्रांनो, मी अंबडच्या कारखान्यातले एक जुने लेथ मशीन आहे. लोखंडाचा तुकडा गरगर फिरवायचा आणि धारदार टूलने त्याला आकार द्यायचा, हे माझे काम.

चौतीस वर्षांपूर्वी मल्हारीशेठनी मला आणले आणि मोतीरामांच्या हाती दिले. देवळ्याहून नोकरीला आलेले ते विशीतले तरुण. त्यांनी मला जीव लावला. टूलची धार गेली की त्यांना माझ्या आवाजावरूनच कळे. "थांब, दुखतंय तुला," म्हणत ते बटण बंद करत.

पुढे संगणकावर चालणारी मशीन्स आली. दसऱ्याचा मोठा हार त्यांना जाऊ लागला आणि माझ्यावर लोक रेनकोट वाळत घालू लागले. शेठची इंजिनिअर मुलगी हर्षाली हिने शेडमध्येच काचेची खोली केली. आवाज ऐकून टूल कधी बिघडणार ते सांगणारा प्रोग्राम ती बनवत होती. तीन महिने झाले, तो चुकतच होता.

एके दिवशी मला न्यायला भंगाराची गाडी आली. मोतीराम गाडीला आडवे आले. "शेठ, हे गेलं तर मीबी चाललो गावाला. निदान एकदा चालवू द्या."

शेठनी हात करून गाडी थांबवली. मोतीरामांनी मला सुरू केले. आवाज ऐकून हर्षाली बाहेर आली. थोड्या वेळाने मोतीराम डोळे मिटून म्हणाले, "आता धार गेली."

हर्षालीने टूल काढून भिंगाखाली धरले. केसाएवढा टवका उडाला होता.

"काका, कसं कळलं?"

"आधी किंचाळतं, मग बारीक खरखर येती. लय वर्षं ऐकतोय, पोरी."

ती वळली. "बाबा, गाडी परत पाठवा. मी इतके दिवस चुकीच्या ठिकाणी शोधत होते. उत्तर काकांच्या कानात आहे."

त्यानंतर कित्येक दिवस दोघे माझ्याजवळ बसत. आवाज बदलला की मोतीराम बोट वर करत, हर्षाली संगणकावर त्या क्षणाची खूण करून घेई. आता तो प्रोग्राम दुसऱ्या कारखान्यांतही चालतो आणि मोतीरामांना काचेच्या खोलीत खुर्ची आहे. पहिल्या दिवशी त्यांनी माऊस उलटा धरला, तेव्हा हर्षालीच हसून म्हणाली, "काका, आता माझी पाळी शिकवायची."

मित्रांनो, नवे जरूर शिका. पण ज्यांच्या हातांना काही ठाऊक आहे, त्यांच्याजवळ वेळेवर बसा, त्यांना विचारा. लोखंड वितळवून पुन्हा ओतता येते. माणूस उठून गेला की त्याला उमगलेले त्याच्याबरोबरच जाते.